हंटर आयोगापुढील फुले : जात, वर्ग आणि शिक्षणाचा लाभ

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या इंग्रजी निवेदनाचे वाचन सामान्यतः दोन अंगांनी होते. एका वाचनाला त्यात ब्राह्मणेतर अस्मितेचा उच्चार दिसतो, तर दुसऱ्याला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी. दोन्ही वाचने साधार आहेत. तथापि ज्या प्रश्नावर या निवेदनाचा युक्तिवाद उभा आहे, तो दोन्हींत दुय्यम ठरतो. शासनाच्या तिजोरीत भर कोण घालतो आणि त्या पैशातून मिळणारी विद्या कोणाच्या पदरात पडते, हा तो प्रश्न होय.

महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, उच्च व श्रीमंत वर्गांचा त्यातील वाटा नगण्य असतो आणि तरीही शिक्षणावरील खर्चाचा लाभ याच वर्गांना होतो, अशी फुल्यांची मांडणी आहे. येथे ‘ब्राह्मण’ आणि ‘श्रीमंत वर्ग’ या संज्ञा एकमेकींच्या शेजारी येतात, पण एकमेकींत विरून जात नाहीत. महार-मांगांच्या मुलांना जातिभेदापायी शाळेत इतरांबरोबर बसता येत नाही, याची नोंद फुले स्वतंत्रपणे करतात. म्हणजे कर भरणारी रयतही त्यांच्या लेखी एकजिनसी नाही.

शिष्यवृत्त्यांविषयीचे त्यांचे विवेचन अधिक मर्मग्राही आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य भासली, तरी शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच ती उपकारक ठरते. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांसाठी असाव्यात, असे ते सुचवतात. गुणवत्तेच्या निकषालाही सामाजिक पूर्वपीठिका असते, हे भान येथे स्पष्ट आहे.

या मांडणीचा सोयीस्कर अर्धा भाग उचलणे सोपे असते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या १९९७ च्या अनुदानविषयक चर्चापत्राने उच्च शिक्षणाला अग्रक्रमाच्या सेवांतून वगळले. लाभार्थी सुस्थितीतले, तेव्हा शासनाने हात आखडता घ्यावा, या युक्तिवादाला त्यातून बळ मिळाले. फुल्यांचा निष्कर्ष याच्या नेमका उलट आहे. उच्च शिक्षणावर अधिक खर्च होतो ही तक्रार ते काही अंशी मान्य करतात, पण शासनाने त्यातून अंग काढून घ्यावे असे देशाच्या कोणत्याही हितचिंतकाला वाटणार नाही, असेही बजावतात. लाभ मूठभरांना होतो म्हणून दार बंद करणे हा त्यांचा उपाय नव्हे; दार रुंद करणे हा आहे.

जात आणि वर्ग यांचा हा गुंता पुढे कायद्याच्या भाषेत वारंवार प्रकटला. इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ च्या निकालाने इतर मागासवर्गीयांतील उन्नत स्तर वगळला, म्हणजे जातीच्या कोटीत वर्गाचा निकष आणला. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्क्यांपर्यंत आरक्षणाची तरतूद केली, मात्र अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय यांना तीतून वगळले. येथे वर्गाच्या कोटीला जातीचे कुंपण पडले.

अस्मितेचे राजकारण आणि वर्गीय विश्लेषण यांत निवड केलीच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने हे निवेदन पुन्हा वाचणे अगत्याचे आहे. केवळ अस्मिता पाहिली तर तिजोरीचा हिशेब सुटतो. केवळ वर्ग पाहिला तर वर्गाबाहेर बसवलेले मूल दिसेनासे होते. फुल्यांच्या युक्तिवादात हे दोन्ही प्रश्न एकत्र आहेत.