‘लव्हर मॅन’ची तबकडी व तिचे रसिक

जॅझ संगीताचे चार षौकीन एकत्र जमले, कीं फार वेळ जावयाच्या आंत एका विशिष्ट तबकडीवर वाद सुरू होतो, असा आमचा अनुभव आहे. ती तबकडी म्हणजे चार्ली पार्कर याची ‘लव्हर मॅन’. २९ जुलै १९४६ रोजीं हॉलिवुड येथें ती भरली गेली. पार्करनें आयुष्यांत इतकें हृदयस्पर्शी दुसरें कांहीं वाजविलें नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें. तर एका रोगी माणसाची ही जाहीर विटंबना असून ती बाजारांत यावयासच नको होती, असें दुसऱ्याचें. खुद्द पार्कर दुसऱ्या पक्षाचा होता. ही तबकडी प्रसिद्ध झाल्याचा राग त्याच्या मनांतून कधींच गेला नाहीं. असें असूनहि पहिल्या पक्षाचा जोर ओसरलेला नाहीं, आणि म्हणूनच हा वाद थोडा खोलांत जाऊन तपासण्यासारखा आहे.

ज्या वाचकांचा या संगीताशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. पार्करचा जन्म १९२० सालीं कॅन्सस सिटी येथें झाला आणि १९५५ च्या मार्चमध्यें, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, तो वारला. वाद्य आल्टो सॅक्सोफोन. डिझी गिलेस्पी या ट्रंपेटवादकाच्या जोडीनें त्यानें ‘बीबॉप’ नांवाची जी पद्धति रूढ केली, तिनें जॅझचें रूपच पालटलें. नाचासाठीं वाजणारें संगीत त्यानंतर बसून ऐकण्याचें संगीत झालें. १९४५ च्या अखेरीस तो गिलेस्पीच्या पथकाबरोबर लॉस अँजेलिसला गेला. पथक परत फिरलें, पार्कर मात्र मागें राहिला. त्याला अफूपासून निघणाऱ्या हेरॉइनचें व्यसन होतें. तें पुरविणारा इसम तुरुंगांत गेल्यावर त्यानें दारूचा आधार घेतला. त्या सुमारास हॉलिवुडमध्यें तबकड्यांचें दुकान चालविणाऱ्या रॉस रसेल नांवाच्या गृहस्थानें ‘डायल’ ही छोटी कंपनी काढली होती, आणि पार्कर तिचा मुख्य वादक होता.

त्या दिवशीं चार चिजा भरल्या गेल्या. पार्करची प्रकृति इतकी ढांसळलेली होती, कीं त्याला धड उभें राहवेना. दुसरी चीज ‘लव्हर मॅन’. बिली हॉलिडे या गायिकेनें दोनच वर्षांपूर्वीं लोकप्रिय केलेलें हें विरहाचें संथ गाणें. जिमी बन हा पियानोवर प्रस्तावना वाजवितो; ती संपते; सॅक्सोफोन यावयास हवा, पण येत नाहीं. बिचारा बन तसाच वाजवीत राहतो. मग उशिरानें पार्करचा स्वर येतो, कठीण व कांपरा. वाक्यें तुटक आहेत. दोहोंमध्यें मोठीं रिकामीं अंतरें. एखादी द्रुत तान घेण्याचा यत्न होतो आणि ती मध्येंच कोसळते. त्याच रात्रीं हॉटेलांत त्याच्या खोलीला आग लागली, त्याला अटक झाली, आणि पुढील सुमारें सहा महिने त्यानें कॅमारिलो येथील सरकारी मनोरुग्णालयांत काढले.

आपल्याकडे गवयाची एखादी मैफल बिघडते. श्रोते चुळबुळ करितात, कोणी पान लावावयास उठतो, कोणी ‘आज बुवांचा गळा नव्हता’ असें म्हणून घरीं जातो. आणि बुवा पुढच्या खेपेस रंग भरतात तेव्हां तें सारें विसरलें जातें. विसरण्याची ही सोय म्हणजे मैफलीची मोठीच माणुसकी होय. तबकडीला ती नाहीं. तीन मिनिटांचा तो दुर्दैवी तुकडा मेणांत उतरला, विकला गेला, आणि आज एवढ्या वर्षांनींहि तो आपण घरबसल्या हवा तितक्या वेळां ऐकूं शकतों.

स्तुति करणारे कोणी ऐरेगैरे नव्हेत. चार्ल्स मिंगस हा थोर बासवादक व रचनाकार. त्यानें पार्करच्या सर्व तबकड्यांतून हीच निवडली होती, आणि कारण दिलें तें त्या वेळच्या भावनेचें व ती व्यक्त करण्याच्या शक्तीचें. अर्जेंटिनाचा कथाकार हुलिओ कोर्तासार यानें १९५९ सालीं प्रसिद्ध केलेली ‘पाठलाग करणारा’ या अर्थाच्या नांवाची दीर्घकथा तर याच प्रसंगाभोवतीं घुटमळते. तींतला वादक एक तबकडी भरतो व ती नष्ट करावी म्हणून हट्ट धरतो; आणि त्याचा चरित्रकार असलेला टीकाकार मित्र ती ऐकून तिच्यांतच त्याचें श्रेष्ठत्व पाहतो. कोर्तासारनें या टीकाकाराला दिलेली सुखवस्तु, सावध वृत्ति वाचतांना आमच्यासारख्यांनीं मान खालीं घालावी अशी आहे. वादकाच्या हालांवर आपली रसिकता पोसली जाते, हें त्या गृहस्थाला कळतें आणि तरीहि त्याच्या पुस्तकांत फरक पडत नाहीं.

आतां आमचें मत. दुःख हेंच कलेचें मूल्य असेल, तर त्याच दिवशीं ‘लव्हर मॅन’च्या पाठोपाठ भरलेली ‘द जिप्सी’ ही चीज तितकीच थोर ठरली पाहिजे. माणूस तोच, व्याधि तीच, सोबतीहि तेच; मध्यें फार तर कांहीं मिनिटें गेलीं असतील. पण ‘द जिप्सी’साठीं भांडणारा रसिक आम्हांस अद्यापि भेटलेला नाहीं. तींत पार्कर मूळ चाल कशीबशी ओढीत नेतो, बस्स. यावरून एवढें उघड होतें, कीं ‘लव्हर मॅन’मध्यें जें चांगलें आहे तें व्याधीचें देणें नाहीं; व्याधीला न जुमानतां कारागिराच्या बोटांत जें शिल्लक उरलें होतें त्याचें तें देणें आहे. पहिल्या कांहीं वाक्यांत तें स्पष्ट ऐकूं येतें: स्वर थोडे, पण नेमक्या जागीं पडलेले. पुढें पुढें तें निसटत जातें. त्या निसटण्यालाच कित्येक रसिक ‘आर्तता’ म्हणतात, तेथें आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे.

आर्तताच हवी असेल तर पार्करपाशीं ती शुद्धीवर असतांनाहि विपुल होती. २८ ऑक्टोबर १९४७ रोजीं त्याच डायल कंपनीसाठीं त्यानें गर्शविनचें ‘एंब्रेसेबल यू’ वाजविलें, तें ऐकावें. माइल्स डेव्हिस हा तेव्हां त्याच्या पथकांतला एकवीस वर्षांचा ट्रंपेटवादक होता. पियानोची लहानशी प्रस्तावना झाल्यावर पार्कर सहा स्वरांचें एक इवलेंसें वाक्य उच्चारतो, तेंच पुन्हा म्हणतो, किंचित् वर चढवितो, फिरवितो, आणि त्यांतूनच सगळा विस्तार उभा करितो. गर्शविनची चाल जवळजवळ दिसतच नाहीं. दिसते ती तिची सावली. ज्यांना खांसाहेबांच्या तोंडीं एकाच मुखड्याचीं नानाविध रूपें ऐकण्याची संवय आहे, त्यांना हा आनंद परका वाटावयाचा नाहीं. त्याच दिवशीं तीच चीज त्यानें दुसऱ्यांदा वाजविली, ती सर्वस्वीं निराळी! आणि १९४८ मधला ‘पार्कर्स मूड’ हा ब्ल्यूज ऐकल्यावर, आजाराखेरीज दुःख गातां येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्य कोणास व्हावयाचें नाहीं. १९५१ सालीं त्यानें ‘लव्हर मॅन’ पुन्हा भरली. ती सफाईदार आहे. तिच्यावर वाद होत नाहीं, आणि हें आमच्या रसिकतेला फारसें भूषणावह नाहीं.

रसेलनें ती तबकडी प्रसिद्ध केली हें योग्य कीं अयोग्य? आमच्या मतें अयोग्य. पण त्याच रसेलच्या सांठवण्याच्या खोडीमुळें कित्येक अमोल वस्तु आपणांस लाभल्या, हेंहि सांगितलें पाहिजे. १९४६ च्या मार्चमध्यें ‘अ नाइट इन टुनिशिया’च्या एका फसलेल्या प्रयत्नांतली पार्करची कांहीं सेकंदांची तान त्यानें जपून ठेविली, आणि पुढें ती स्वतंत्रपणें प्रसिद्ध झाली. या बाबतींत षौकिनांचा लोभ तर सावकारालाहि लाजवील. डीन बेनेडेट्टी नांवाचा एक सॅक्सोफोनवादक क्लबांतून आपलें यंत्र घेऊन बसे आणि केवळ पार्करचें वादन तेवढें भरून घेई. इतर वाजवूं लागले कीं यंत्र बंद! १९९० सालीं हा सांठा सात चकत्यांच्या संचांत प्रसिद्ध झाला. एका कुशल सांथीदारानें सुरुवात केली न केली तोंच त्याचा आवाज कापला जातो, हें ऐकतांना मोठें चमत्कारिक वाटतें. पण पार्करचे ते तुकडे नकोत असें म्हणावयास आमचीहि जीभ उचलत नाहीं.

आम्ही स्वतः ‘लव्हर मॅन’ ऐकणें सोडलेलें नाहीं, हेंहि येथें कबूल करितों. मात्र ती एकटी ऐकूं नये. त्या दिवसाचा क्रम मोडूं नये. ‘लव्हर मॅन’नंतर ‘द जिप्सी’ शेवटपर्यंत ऐकावी, तीं तीन मिनिटें कितीहि कंटाळवाणीं वाटलीं तरी. मग थोडें थांबून ‘एंब्रेसेबल यू’चे दोन्ही प्रयत्न लागोपाठ लावावे. आमच्या एका मित्रानें, जो पहिल्या पक्षाचा कट्टर पुरस्कर्ता होता, अशा रीतीनें त्या ऐकल्या. त्याचें मत बदललें नाहीं. फक्त ‘द जिप्सी’ चालू असतांना तो उठून खिडकीशीं जाऊन उभा राहिला, आणि ती पुन्हा लावूं नका म्हणाला.