दोरीचा टोप घातलेली अँटिगनी

ग्रीक नाटक आजच्या काळात आणायचं म्हणजे राजाला सुटाबुटात उभं करायचं, ही सोपी वाट. ‘द आयलंड’ त्या वाटेला जात नाही. अ‍ॅथॉल फ्यूगार्ड आणि जॉन कानी, विन्स्टन न्त्शोना हे दोन नट यांनी मिळून रचलेलं हे नाटक १९७३ मध्ये केप टाऊनला रंगमंचावर आलं. वर्णद्वेषी राजवटीत तुरुंगाबद्दल उघड बोलणं धोक्याचं, म्हणून तेव्हा त्याचं नावही वेगळं ठेवलं होतं. पात्रं दोनच, रॉबेन बेटावरच्या एका कोठडीतले कैदी. नावं नटांचीच, जॉन आणि विन्स्टन. तुरुंगातल्या कार्यक्रमात त्यांना सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’तला एक प्रवेश करायचा आहे.

सुरुवातीला बराच वेळ संवाद नाहीत. दोघं वाळू उपसतात, ढकलगाडी भरतात आणि ती नेऊन दुसऱ्याच्या खड्ड्यापाशी रिकामी करतात. म्हणजे एकाचं काम संपत आलं की दुसरा ते पुन्हा वाढवून ठेवणार. वाळू, फावडी, गाडी, काहीच खरं नाही, सगळा मूकाभिनय. हे दृश्य असह्य वाटेपर्यंत लांबतं, आणि लांबलंच पाहिजे. सिसिफसचं नाव कुणी घेत नाही, पण तेच निष्फळ काम अंतहीन करत राहण्याची त्याची शिक्षा दोन घामेजलेल्या देहांतून आपल्यापर्यंत पोचते. मिथक असं आधी अंगात उतरवायचं आणि मग त्याची गोष्ट काढायची, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मूळ नाटकातून त्यांनी काय गाळलं, तेही पाहा. इस्मिनी नाही, हेमॉन नाही, आंधळा टायरेसियस नाही, कोरस नाही. उरला फक्त खटला: थीब्सचा राजा क्रिऑन याचा हुकूम मोडून भावाला पुरणाऱ्या अँटिगनीवरचा. त्याची तालीम करताना एक छोटी चकमक होते. जॉन समजावतो, अँटिगनी गुन्हा कबूल करते. विन्स्टनला ते पटतच नाही. भावाला मूठमाती दिली, त्यात गुन्हा कसला? रंगभूमीवर शतकानुशतकं गाजलेला कायदा आणि धर्म यांचा झगडा इथे एका हट्टी माणसाच्या साध्या प्रश्नात मावतो. त्यावर भाष्य करायला वेगळा विद्वान लागत नाही.

विन्स्टनचा खरा अडसर मात्र वेषाचा. डोक्यावर दोरीचा टोप, छातीशी खोटे स्तन, गळ्यात जॉनने खिळे ओवून केलेला हार. त्याला पाहून जॉन हसून लोळतो आणि विन्स्टन भूमिकाच फेकून देतो. मग जॉन तो टोप स्वतःच्या डोक्यावर चढवतो: लोक आधी हसतील, पण शेवटी ऐकतील. नाटक इथे स्वतःचीच कसोटी जाहीर करतं. आपणही त्या हसणाऱ्यांत होतोच.

मधल्या भागात जॉनची शिक्षा कमी झाल्याची बातमी येते; त्याचे तीनच महिने उरतात. राजवटीने काळ्यांवर लादलेलं पासबुक जाळल्याबद्दल जन्मठेप भोगणारा विन्स्टन मित्राच्या आनंदात सामील होतो आणि आतून जळतो. हा प्रवेश अँटिगनीपासून दूर गेल्यासारखा वाटतो. पण शेवटच्या खटल्याला वजन येतं ते इथूनच.

कारण त्या खटल्यात क्रिऑन झालेला जॉन निकाल देतो तेव्हा अँटिगनीला जिवंत कोंडायची सोफोक्लिसमधली गुहा बदललेली असते. अँटिगनीला बेटावर नेऊन जन्मभर कोठडीत चिणायचं आहे. एका शब्दाच्या फेराने थीब्सचा निकाल आणि विन्स्टनचा निकाल एक होतात, तेही त्याच्या सुटू घातलेल्या मित्राच्या तोंडून. आणि त्या दोघांसमोर बसलेले आपण? जॉनने खटल्याच्या आरंभी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना आणि कैद्यांना उद्देशून केलेलं स्वागत आपल्याकडे पाहूनच केलेलं असतं. कोणत्या बाकावर बसलोय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

निरोपाचे शेवटचे शब्द बोलण्याआधी विन्स्टन टोप ओढून काढतो. तो तसाच राहिला असता तर आपण एका नटाला दाद दिली असती. तो काढल्यावर दाद द्यायला नट उरत नाही. अँटिगनीचं बोलणं एक जन्मठेपेचा कैदी स्वतःच्या नावाने बोलतो.