सध्यां काय वाचतां?

सुशिक्षित कुटुंबांत चार स्नेही जमले आणि हवापाणी, भाववाढ व मुलांच्या परीक्षा हे विषय एकदां आटोपले, म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो: “सध्यां काय वाचतां?” प्रश्न साधा आहे, त्याचें उत्तर मात्र क्वचितच साधें येतें. ज्याच्या उशाशीं रहस्यकथा पडलेली असते तो ज्ञानेश्वरीचें नांव घेतो. ज्यानें सहा महिन्यांत एकहि पुस्तक पुरें केलेलें नसतें तो नुकत्याच पारितोषिक मिळालेल्या ग्रंथाचें नांव सांगून मोकळा होतो. आणि ज्यानें खरोखरच मन लावून कांहीं वाचलेलें असतें तो, आपलें पुस्तक मंडळींस क्षुल्लक वाटेल या भीतीनें, “विशेष असें कांहीं नाहीं” म्हणून गप्प बसतो. जो प्रश्न एका वाचकास दुसऱ्या वाचकाजवळ आणण्यासाठीं विचारला जातो, त्याच्या उत्तरानें अशा रीतीनें दोघांमध्यें पडदाच उभा राहतो.

ग्रंथपरीक्षण कसें असावें याची चर्चा मराठींत पुष्कळ झाली आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ सालीं व ‘निबंधमाला’ १८७४ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून परीक्षकाचे अधिकार कोणते आणि कर्तव्यें कोणतीं, यांवर आमच्या टीकाकारांनीं थोडी शाई खर्च केलेली नाहीं. परंतु एका वाचकानें दुसऱ्यास तोंडीं केलेली शिफारस हाहि टीकेचाच एक प्रकार आहे, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वास्तविक आपण जीं पुस्तकें उघडतों त्यांतील पुष्कळशीं कोणातरी ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून उघडतों. असें असूनहि ही शिफारस आपण जितक्या निष्काळजीपणानें करतों, तितक्या निष्काळजीपणानें बाजारांत भाजीसुद्धां निवडीत नाहीं. म्हणून तिचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

परीक्षकाचें आणि शिफारस करणाराचें काम एक नव्हे. परीक्षकापुढें ग्रंथ असतो, वाचक अज्ञात असतात. ग्रंथाचे गुणदोष निःपक्षपातानें सांगितले कीं त्याची जबाबदारी संपली. शिफारस करणारापुढें ग्रंथ असतो आणि माणूसहि असतो. त्याचें काम स्थळ सुचविणाराच्या कामासारखें आहे. मुलगा सुशील आहे एवढ्यावरून कोणी शहाणा मध्यस्थ तो वाटेल त्या घरीं सुचवीत नाहीं. दोन्ही घरांच्या चालीरीती, अपेक्षा व अडचणी तो पाहतो, आणि जें उणें असेल तें आधींच कानावर घालतो. पुस्तकांच्या बाबतींत मात्र आपण “फार सुंदर आहे, अवश्य वाचा” एवढें म्हणून मोकळे होतों. हें वाक्य वाटेल त्या पुस्तकास लागू पडतें, अर्थात् तें कोणत्याच पुस्तकाविषयीं कांहीं सांगत नाहीं. कोणत्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हा प्रश्न आजचा नाहीं. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नक्कल करणारा तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथी जपण्यास सांगे, आणि त्याच दमांत ती मूर्खाच्या हातीं न देण्यासहि बजावी. आम्ही तितके कठोर होऊं इच्छीत नाहीं. पुस्तक भलत्या हातीं गेलें, तर दोष बहुधा घेणाराचा नसून देणाराचा असतो.

उदाहरणादाखल लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ घ्या. १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र मराठी गद्याचें भूषण आहे, याविषयीं दुमत होणार नाहीं. पण तें कोणास कसें सांगावें? “रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराची हकीकत” असें म्हटलें, तर धर्मवादाचा कंटाळा असलेला वाचक तें उघडणारच नाहीं. “फार विनोदी पुस्तक” असें म्हटलें, तर वडिलांच्या सोंवळ्याच्या अतिरेकाचा भाग वाचून तो हंसेल. परंतु १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मागें राहिलेल्या पत्नीचे दिवस वाचतांना आपणांस कोणी फसविलें, असें त्यास वाटेल. “सामाजिक इतिहासाचें साधन” असें म्हटलें, तर तें परीक्षेच्या पुस्तकांच्या यादींत जाऊन पडेल. यांतील एकहि वर्णन खोटें नाहीं. पण तीनहि पुस्तकाच्या बाहेर उभें राहून केलेलीं आहेत. त्याऐवजीं कोणी एवढेंच सांगितलें कीं, “जिला रडण्याचीं सारीं कारणें होतीं ती बाई स्वतःकडे पाहून हंसते, घरांत दुखणें असतांना मीं हें वाचलें आणि मला धीर आला,” तर ऐकणारास पुस्तकाचा सूर कळतो, आणि सांगणाराचा त्याच्याशीं संबंध काय हेंहि कळतें. शिफारशींत हा संबंध आलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, पुस्तक वाचकाकडून काय मागतें हें सांगण्याची. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी वऱ्हाडांतील एका गरीब कुटुंबाची कथा आहे, आणि तींतील संवाद वऱ्हाडी बोलींत आहेत. पुण्यामुंबईच्या वाचकास “श्रेष्ठ कृति” म्हणून ती दिली, तर तो दहाव्या पानावर थबकण्याचा संभव असतो. मग दोष आपला कीं पुस्तकाचा हें न कळल्यामुळें तो ती मुकाट्यानें परत करतो. देणारानें त्यास आधींच सांगावें कीं, आरंभीचे संवाद मोठ्यानें वाचा, कानास बोलीची संवय होऊं द्या. मग कौतिक तुमच्याशीं आपण होऊन बोलूं लागेल. त्याबरोबर हेंहि सांगावें कीं, दारिद्र्याशीं ती जी झुंज देते तींत वाचकास सोपें समाधान मिळणार नाहीं, आणि ज्यास सध्यां मनाला विरंगुळा हवा आहे त्यानें ही कादंबरी पुढच्या खेपेस न्यावी. पुस्तक कोणास देऊं नये हें जींत सांगितलेलें नाहीं ती जाहिरात झाली. तिला शिफारस म्हणवत नाहीं.

तिसरी गोष्ट, किती सांगावें याची. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. युद्धाच्या उंबरठ्यावरील युरोपांतून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तींतील चक्रधर हा मराठी तरुण आणि जर्मनींतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी, एवढ्यांत ही लहानशी कादंबरी सामावली आहे. तिच्याविषयीं बोलतांना उत्साही मंडळी शेवटच्या पानापर्यंत जातात आणि ऐकणाराच्या हातीं कांहींच शिल्लक ठेवीत नाहींत. रामायणाचा शेवट सर्वांस ठाऊक असतो, तरी कीर्तन रंगतेंच, असें यावर कोणी म्हणेल. तें खरें, परंतु नव्या पुस्तकापाशीं प्रथमच येणाऱ्या वाचकाचा पहिला विस्मय एकदांच होतो, आणि तो दुसऱ्यानें उपभोगून घेणें बरें नव्हे. ‘रणांगणा’विषयीं बोलावयाचें तर बोट धक्क्यावरून सुटेपर्यंत बोलावें, आणि तेथें थांबावें.

आतां अलीकडे पडलेल्या एका प्रथेविषयीं. वर्षाच्या आरंभीं पन्नास किंवा शंभर पुस्तकांचा संकल्प सोडावयाचा, वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचें छायाचित्र स्नेह्यांस धाडावयाचें, आणि वर्षाअखेर संख्या जाहीर करावयाची, असें पुष्कळ जण करतात. या उत्साहास आम्ही हंसत नाहीं. छायाचित्र पाहून एखाद्यानें पुस्तक मागविलें, तर तें चांगलेंच झालें. पण मोजदाद सुरू झाली कीं जाड पुस्तक नकोसें होतें, एकच पुस्तक दुसऱ्यांदा वाचणें तोट्याचें वाटतें, आणि मध्येंच सोडलेलें पुस्तक लपवून ठेवावें लागतें. वास्तविक सोडलेल्या पुस्तकाविषयींचें प्रामाणिक बोलणें फार उपयोगी असतें. तें कोणत्या प्रकरणापाशीं सुटलें आणि कां सुटलें, हें ऐकून दुसरा वाचक कदाचित् म्हणेल, “मीहि तेथेंच अडखळलों होतों, पण आणखी वीस पानें पुढें जा.”

घरांतील वडील मंडळींची शिफारस हा याहून नाजूक विषय आहे. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेली ‘श्यामची आई’ किती तरी मराठी घरांत मुलांस भेट म्हणून दिली गेली आहे. परंतु ती देतांना “वाच, म्हणजे आईशीं कसें वागावें तें कळेल” अशी पुस्ती जोडली, कीं मुलास तें पुस्तक काढ्यासारखें वाटूं लागतें. शिवाय हा व्यवहार एकतर्फी असतो. वडिलांनीं सांगावें आणि मुलांनीं वाचावें. मुलें काय वाचतात याची चौकशी होते, पण तें पुस्तक मागून घेऊन वाचण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. आज पुष्कळ मराठी घरांतील मुलें इंग्रजी शाळांतून शिकतात, आणि मराठी मजकूर वाचण्याचा त्यांचा वेग मंद असतो. त्यांच्यापुढें मराठी पुस्तक कर्तव्य म्हणून टाकलें, तर तीं तें बाजूस सारतील. आजोबांनीं आधीं नातीच्या हातांतील इंग्रजी कादंबरी वाचून पाहावी, तिच्याशीं त्याविषयीं वाद घालावा, आणि मग आपल्या कपाटांतील एक पुस्तक तिच्यापुढें ठेवावें. ही देवघेव जेथें थांबते तेथें आयुष्यभर जमविलेलीं पुस्तकें एका पिढीनंतर वजनावर विकलीं जातात. त्यांच्या पहिल्या पानावरील नांवें व तारखा रद्दीच्या दुकानांत वाचतांना, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाहीं, हें कोणासहि पटेल.

शिफारशीचा एक निर्मळ प्रकार आम्हांस सार्वजनिक वाचनालयांत आढळतो. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें १८४० सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. म्हणजे मराठी वाचकांस सामाईक कपाट मिळून दोन शतकें होत आलीं. अशा ठिकाणीं मुरलेला सभासद नव्या पुस्तकांच्या फळीकडे आधीं जात नाहीं. देवघेवीच्या मेजावर इतरांनीं नुकत्याच परत केलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, तो तो प्रथम चाळतो. जेथें पुस्तकाच्या शेवटीं तारखांचा कागद चिकटविण्याची पद्धत अजून आहे, तेथें तो त्यावरील शिक्केहि पाहतो. ज्यांनीं तीं पुस्तकें नेलीं त्यांना कोणावर छाप पाडावयाची नव्हती; म्हणून त्या ढिगावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. उणीव एवढीच कीं ढिगाला बोलतां येत नाहीं. ती उणीव जाणता ग्रंथपाल भरून काढतो; त्याला पुस्तकहि ठाऊक असतें आणि सभासदहि.

देणाराइतकेंच घेणाराचेंहि कर्तव्य आहे. परहस्तीं गेलेलें पुस्तक गेलेंच समजावें, असें सुभाषितकार सांगून गेले. पण पुस्तक परत यावें आणि त्याबरोबर एक शब्दहि येऊं नये, हें नुकसान आम्हांस त्याहून मोठें वाटतें. पुस्तक न आवडल्यास तसें स्पष्ट सांगावें. भिडेस्तव खोटी स्तुति केली, तर देणारा पुढच्या वेळीं त्याच लेखकाचीं आणखी तीन पुस्तकें घेऊन येईल, आणि मग तक्रारीस जागा राहणार नाहीं. शिवाय मतभेद कळला म्हणजेच एकमेकांची अभिरुचि कळते. ज्या दोन वाचकांचें प्रत्येक पुस्तकाविषयीं एकमत होतें, त्यांपैकीं एकजण बहुधा केवळ मान हालवीत असतो.

दुसऱ्यांस नियम सांगणारानें स्वतः एक शिफारस करून दाखवावी, ही अपेक्षा वाजवी आहे. आम्ही सध्यां विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’ पुन्हां वाचीत आहों. वरसईचा हा गरीब भिक्षुक चार पैसे मिळवून घरचें कर्ज फेडावें म्हणून १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला आणि त्या सालच्या धामधुमींत सांपडला. झांशीस इंग्रजांचा वेढा पडला तेव्हां तो शहरांतच होता. पुढें चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यानें ही हकीकत लिहिली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ति १९६६ सालीं निघाली. आम्हांस या पुस्तकांत धरून ठेवतें तें हें, कीं एवढ्या मोठ्या घटनेच्या मध्यभागींहि या माणसाचें लक्ष दक्षिणा, जेवण, स्नानसंध्या व पाण्याची सोय यांवरून हालत नाहीं. त्यामुळें तो जें सांगतो त्यावर विश्वास बसतो. ज्यांस साधार व तारीखवार इतिहास हवा त्यांनीं मात्र यावरच विसंबूं नये, कारण यांत ऐकीव गोष्टीहि पुष्कळ आहेत. आणि त्या काळच्या ब्राह्मणी समजुती आजच्या वाचकास ठिकठिकाणीं खटकतील. झांशीच्या भागावर एकदम उडी न घेतां घर सोडण्यापासून आरंभ करावा, म्हणजे पुढें प्रत्येक रुपयाचें मोल कळतें. वाटेंत विहिरीपाशीं त्याची कोणाशीं गांठ पडते, आणि अखेर खांद्यावर काय घेऊन तो घरीं परततो, हें वर सांगितलेल्या नियमास अनुसरून आम्ही सांगत नाहीं. ज्यांस हें पुस्तक रुचणार नाहीं त्यांनीं तें कोठें सोडलें व कां सोडलें, तें आम्हांस अवश्य कळवावें. आणि त्याच पत्रांत सध्यां आपण काय वाचीत आहां हेंहि लिहावें. उशाशीं खरोखर जें असेल, त्याचेंच नांव लिहावें, एवढीच विनंती.