अवयवांच्या दुखापतीतील रक्तस्राव आणि रक्तस्तंभक पट्ट्या : एक चिकित्सा

प्रस्तावना : यकृत वा प्लीहा फाटल्याने होणारा रक्तस्राव हातापायांच्या जखमेतील रक्तस्रावाहून मूलतः भिन्न असतो. हातापायाची रक्तवाहिनी बाहेरून दाबता येते. उदरपोकळीतील नाजूक यकृताबाबत ते शक्य नसते. रक्तस्तंभक पट्ट्यांविषयीच्या उत्साही विवेचनात मात्र हा भेद पुसट होतो आणि रणांगणावरील यश हेच शस्त्रक्रियागृहातील यशाचे प्रमाण मानले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

विवेचन : २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘क्विकक्लॉट’ ही झिओलाइटची भुकटी रक्तातील पाणी शोषून घेत असे, परंतु त्या क्रियेतील उष्णतेने ऊती भाजत. ‘वूंडस्टॅट’ या खनिजचूर्णाचे कण रक्तवाहिनीत शिरून गुठळ्या निर्माण करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आल्यानंतर २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने त्याचा वापर बंद केला. रक्त थांबविणे आणि रुग्णास अपाय न करणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

केओलिनयुक्त गॉजने हे दोष बऱ्याच अंशी टाळले. ते जखमेतून काढून घेता येते. तथापि केओलिन रुग्णाच्याच रक्तातील बाराव्या घटकास उद्दीपित करते. अतिरक्तस्रावात शरीर थंड पडते, रक्ताची आम्लता वाढते आणि गोठण्याची क्षमता खालावते. म्हणजेच जेव्हा गरज सर्वाधिक असते, तेव्हाच या पट्टीचा आधार दुबळा होतो. फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिनयुक्त पट्टी गोठण्याची सामग्री स्वतःसोबत आणते. पण मोठ्या रक्तवाहिनीच्या वेगवान स्रावात तीही टाके वा बंधनाची जागा घेऊ शकत नाही.

१९०८ मध्ये प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून धरण्याची पद्धत मांडली. १९९३ मध्ये रोटोंडो, श्वाब आदींनी घड्यांनी दाब देऊन पोट तात्पुरते बंद करणे व रुग्ण सावरल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करणे, या क्रमाची सूत्रबद्ध मांडणी केली. या दोहोंच्या मुळाशी दाब हेच तत्त्व आहे.

निष्कर्ष : विशेष पट्टी ही दाबाची पूरक आहे, पर्याय नव्हे. तिचे मूल्यमापन केवळ रक्त किती मिनिटांत थांबले यावर न करता, गोठणशक्ती खालावलेल्या रुग्णात ती कितपत टिकते, ती काढताना पुन्हा रक्तस्राव होतो का आणि शरीरात काय मागे राहते, या निकषांवर व्हावयास हवे.