पेरिप्लसकाराचा दक्षिणापथ : एक परीक्षण

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा लहानसा ग्रंथ सातवाहनकालीन व्यापाराचें एक प्रमुख साधन होय. स्कॉफ यांनीं १९१२ मध्यें व कॅसन यांनीं १९८९ मध्यें त्याचीं इंग्रजी भाषांतरें प्रसिद्ध केलीं. या ग्रंथाचा आधार घेतां घेतां आमच्याकडील कित्येक लेखक त्यांतील प्रत्येक शब्द सारख्याच तोलाचा मानूं लागले आहेत. हें योग्य नव्हे, असें आमचें मत आहे. तें सकारण मांडणें हाच या लेखाचा हेतु.

ग्रंथकार दर्यावर्दी होता. भडोचच्या आखातांतील भयंकर भरतीओहोटी, उथळ जागा, परक्या जहाजांस वाट दाखविण्यास समोर येणारे राजाचे कोळी, यांचें त्याचें वर्णन प्रत्यक्षदर्शीचें आहे. भडोचच्या बाजारांत इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें व पोवळें येई. मिनँडर व अपॉलोडोटस या यवन राजांचीं जुनीं नाणीं तेथें अद्याप चालत, इतकें बारीक तो सांगतो. येथें त्याची साक्ष पहिल्या प्रतीची समजावी.

घाटावरील मजकुराची गोष्ट निराळी. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें तो लिहितो. पैठणचे गोमेदासारखे खडे व तगरचें जाडेंभरडें कापड आणि मलमल हा माल गाड्यांतून बिकट, वाट नसलेल्या मुलुखांतून भडोचेस उतरे. तगरच्या जागीं पूर्वीं देवगिरी, जुन्नर, धारूर अशीं नाना स्थळें सुचविलीं गेलीं. तगर म्हणजे तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें दाखविलें. परंतु तेर पैठणच्या पूर्वेस नाहीं. तें आग्नेयीस असून दक्षिणेकडे अधिक झुकलेलें आहे. पैठणहि भडोचच्या आग्नेयीसच येतें. दिशा दोन्ही ठिकाणीं चुकली. आतां अंतर पाहूं. सरळ रेषेनें भडोच ते पैठण सुमारें २१८ मैल, पैठण ते तेर सुमारें ९४ मैल. म्हणजे दिवसास ९ ते ११ मैल पडतात. बैलगाडीच्या चालीशीं हें जुळतें. दिवसांची मोजणी खरी, दिशा मात्र अंदाजाची!

असें कां व्हावें? ग्रंथकार या देशाचें नांव ‘दखिनाबदेस’ असें देतो, आणि तेथील भाषेंत दक्षिणेस ‘दखनोस’ म्हणतात असें सांगतो. ‘क्ष’चा ‘ख’ व ‘पथ’ शब्दाचा मृदु उच्चार पाहतां हें नांव त्यानें प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकलें, हें उघड आहे. दिवसांची गणती त्याला त्याच व्यापाऱ्यांनीं दिली असावी. दिशा त्यानें देशाच्या नांवावरून ठरविली, असें आम्हांस वाटतें.

दुसरा मुद्दा कल्याणचा. पैठणहून कल्याण सरळ रेषेनें सुमारें १४८ मैलच आहे. मग माल भडोचपर्यंत कां जावा? उत्तर ग्रंथांतच आहे. थोरल्या सरगनसाच्या काळीं कल्याण हें रीतसर बंदर होतें. पुढें संदनेसाच्या अमलांत तेथील व्यापारास अडथळा झाला, व तेथें येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जाऊं लागलीं. ही स्थिति कायमची नव्हती. जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें नहपानाचीं १३,००० हून अधिक नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. कान्हेरीच्या लेखांत तर कल्याणचे व्यापारी दाते म्हणून पुनःपुन्हा भेटतात.

तात्पर्य, पेरिप्लसमधील मार्ग हें क्षत्रप-सातवाहनांच्या झगड्यांतील एका क्षणाचें चित्र आहे. त्यावरून सातवाहनांच्या सबंध राजवटीचा नकाशा काढूं नये. किनाऱ्यावर ग्रंथकाराचा शब्द प्रमाण धरावा, घाटावर त्याचे दिवस घ्यावे, आणि दिशेसाठीं व काळासाठीं आपल्या लेण्यांतील लेख व जमिनींतील नाणीं यांस विचारावें.