गतिनिर्देश आणि प्रतिसादनिर्देश : एका रक्तचाचणीच्या निमित्ताने

आतड्यांच्या दाहविकारांविषयीच्या वैद्यकीय लेखनात ‘भाकीत’ ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वावरते. रोग पुढे कोणते वळण घेईल हे सांगणे, हा तिचा एक अर्थ. अमुक उपचाराचा लाभ कोणत्या रुग्णास इतरांहून अधिक होईल हे सांगणे, हा दुसरा. पहिल्यास आपण गतिनिर्देश म्हणू आणि दुसऱ्यास प्रतिसादनिर्देश. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी केंब्रिज येथे सिद्ध झालेल्या एका रक्तचाचणीचा इतिहास अवश्य पाहावा.

रक्तातील सीडी-८ टी-पेशींमधील जनुकांच्या अभिव्यक्तीवरून रुग्णांचे दोन गट पडतात आणि त्यांपैकी एका गटात रोग अधिक उग्र होतो, असे २०११ साली तेथील संशोधकांनी दाखविले. २०१९ साली त्या निरीक्षणास १७ जनुकांवर आधारलेल्या, रक्ताच्या साध्या नमुन्यावर करता येणाऱ्या चाचणीचे रूप मिळाले. येथवरचे प्रतिपादन गतिनिर्देशाचे होते. परंतु उग्र गटास आरंभीच प्रबळ औषध द्यावे व मंद गटास पायरीपायरीने चढते उपचार द्यावेत, असा निष्कर्ष त्यातून सहज सुचतो; आणि येथेच पहिला अर्थ दुसऱ्यात नकळत मिसळतो.

संशोधकांनी हे अनुमान गृहीत न धरता कसोटीस लावले, हे त्यांचे श्रेय होय. ‘प्रोफाइल’ नावाच्या ह्या चिकित्साप्रयोगात ब्रिटनमधील ४० रुग्णालयांतून नुकतेच निदान झालेले क्रोन व्याधीचे ३८६ रुग्ण घेण्यात आले. २०२४ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. आरंभापासून इन्फ्लिक्सिमॅब व त्याच्या जोडीस प्रतिकारशक्ती-नियामक औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रुग्ण ४८ आठवडे स्टेरॉइड व शस्त्रक्रियेवाचून रोगशमनात राहिले. पायरीपायरीच्या उपचारात हे प्रमाण अवघे १५ टक्के होते. मात्र चाचणीने पाडलेल्या दोन गटांत ह्या लाभाचे अंतर जवळजवळ शून्य आढळले. अर्थात, चाचणीवर विसंबून ‘मंद’ ठरविलेल्या रुग्णास थांबविले असते, तर त्याचा निष्कारण तोटा झाला असता. गुंतागुंतीमुळे पोटाची शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रसंग पहिल्या पद्धतीत १ व दुसरीत १० होते, हे ध्यानात घेता तो तोटा किरकोळ म्हणता येणार नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाच्या परिभाषेत हा भेद निराळ्या रीतीने जपलेला दिसतो. निदानपंचकात ‘रूप’ म्हणजे रोगाचे प्रकट लक्षण, आणि ‘उपशय’ म्हणजे औषध, आहार व विहार ह्यांनी येणाऱ्या गुणावरून होणारे ज्ञान. ही दोन स्वतंत्र पदे आहेत. त्या शास्त्रात आधुनिक शोध आधीच होते, असा ह्याचा अर्थ नव्हे. लक्षण पाहणे आणि उपचाराचा परिणाम पाहणे ही ज्ञानाची दोन निराळी साधने होत, एवढेच त्या पदांवरून शिकावयाचे.

खरा प्रतिसादनिर्देशक विशिष्ट औषधाशी संबद्ध असावा लागतो. एचएलए-डीक्यूए१*०५ ह्या जनुकभेदाचे वाहक असलेल्या रुग्णांत टीएनएफ-विरोधी औषधांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा संभव सुमारे दुप्पट असतो. येथे निदान औषध व चिन्ह ह्यांतील दुवा तरी स्पष्ट आहे. तथापि संबंध आढळणे निराळे, आणि त्यावर आधारलेल्या निर्णयाने रुग्णाचे हित साधणे निराळे. दोन्ही प्रकारचे उपचार झालेल्या रुग्णांची तुलना केल्यावाचून कोणत्याही जैवनिर्देशकास ‘प्रतिसादाचे भाकीत करणारा’ हे विशेषण लावू नये. मराठीत ही परिभाषा अद्याप घडावयाची आहे. ती घडवितानाच दोन अर्थांना दोन शब्द देणे इष्ट होय.