एक सीडी, अनेक खेळाडू : जुन्या संगणक-खेळांविषयी एक टिपण

सावंतवाडी किंवा म्हैसूर येथील गंजिफाचा एक संच घरात असला की डाव मांडता येतो. प्रत्येक भिडूने आपापला संच विकत आणावा, अशी अट कोणी घालत नाही. संगणकावरील खेळांत मात्र ती अट आली. १९९० नंतरच्या दशकात खेळ सीडीवर मिळू लागले आणि मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे की नाही, हे सुरू होतानाच तपासू लागले. तपासणीचा हेतू नक्कल रोखणे हा होता. परिणाम असा झाला की चार मित्रांना लॅनवर एकत्र खेळायचे तर बहुधा चार सीडी लागत.

काही निर्मात्यांनी यातून वाट काढली. ‘कमांड अँड कॉन्कर’ (१९९५) दोन सीडींवर आला. दोन पक्षांच्या मोहिमा वेगवेगळ्या सीडींवर असल्याने एकाच खोक्यावर दोघे परस्परांविरुद्ध खेळू शकत. ‘स्टारक्राफ्ट’ने (१९९८) आणखी पुढचे पाऊल टाकले. एका सीडीवरून इतर संगणकांवर मर्यादित प्रती बसवता येत. त्यांत एकट्याने खेळायच्या मोहिमा नसत, पण ८ जणांपर्यंत सामूहिक डाव रंगे. मालकी एकाची आणि खेळ सर्वांचा, हे तत्त्व येथे खुद्द विक्रेत्यानेच मान्य केले.

पुढे नक्कलप्रतिबंध अधिक कडक झाला. ‘सेफडिस्क’सारखी तंत्रे विंडोजमधील एका ड्रायव्हरवर अवलंबून होती. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने त्याला आधार देणे थांबवले. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली मूळ सीडी हाती असूनही असे खेळ नव्या संगणकावर सुरू होईनात. तपासणी काढून टाकलेली चोरटी प्रत मात्र चालू राहिली. ज्या उपायाचा भार प्रामाणिक ग्राहकावरच पडतो, तो सदोष म्हटला पाहिजे.

भारतीय कायदा येथे कितपत उपयोगी पडतो? प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२(१)(कक) नुसार संगणक-आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत करता येते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५क तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. म्हणजे स्वतःच्या सीडीची राखीव प्रत जपणाऱ्याला आधार आहे. तीच प्रत तीन मित्रांना वाटण्यास तो नाही. कायदा एका मालकाचा विचार करतो. सामूहिक खेळाला मंडळी लागते. ही दरी राखीव प्रतीने भरून निघत नाही.

ती निर्मातेच भरून काढू शकतात. ‘स्टारक्राफ्ट’ला २००८ मधील सुधारणेनंतर सीडीची गरज उरली नाही आणि २०१७ मध्ये मूळ खेळ विनामूल्य झाला. ‘कमांड अँड कॉन्कर’च्या मूळ खेळाचा स्रोत २०२५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. विक्री संपलेल्या प्रत्येक खेळाबाबत हाच मार्ग अपेक्षित धरावा.

खेळ जपणे म्हणजे केवळ सीडी जपणे नव्हे. गंजिफाचे सुबक संच आजही तयार होतात, पण बहुधा शोभेची वस्तू म्हणून घेतले जातात. डाव जाणणारे थोडे उरले आहेत. संगणक-खेळांची स्थिती नेमकी उलट आहे. खेळणारे अजून आहेत, सीडी निरुपयोगी होत चालल्या आहेत. म्हणून भिडू आहेत तोवरच तपासणी काढली पाहिजे.